दहाव्या सुपारीचे काय करावे

भडगाव,
रविवार, २ जून १९६८

तीर्थरूप हिलालमामा यांस,

भडगावहून भाचा पंडित याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजवा हात सध्या खांद्यापासून नीट वर जात नाही, त्याचे कारण पुढे येईल, पण नमस्कारात कसर ठेवलेली नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा दमा उन्हाळ्यात जरा दबून असतो, तसा असेलच. आम्ही इकडे सर्व खुशाल. गिरणेला पाणी नाही, वाळू मात्र भरपूर आहे. आई बरी आहे. ती तुमची आठवण काढत नाही. काढत नाही हे ती स्वतःच येता-जाता सांगते, आणि धुळ्याची मोटार यायच्या वेळेला तिला नेमके ओट्यावर बसून काहीतरी निवडायचे असते. परवा तांदूळ निवडत होती. ते आधीच निवडलेले होते.

पत्र लिहावे असे विशेष काही घडलेले नाही. सध्या आकाशातून एक धोंडा आपल्या बाजूने येत आहे, आणि त्यापायी भडगावात माझ्याविषयी जे बोलले जाते ते धुळ्यापर्यंत तिखटमीठ लावून पोचण्याआधी खरी हकिकत तुमच्या कानावर घालावी, एवढाच हेतू. माझ्या लग्नाच्या पत्रिकेचा विषय मी या पत्रात मुळीच काढणार नाही. (पत्रिकेत तुमचे नाव 'आपले नम्र' या यादीत न येता 'व समस्त आप्तमंडळी' यांत गेले, ते छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्याला जागा पुरेना म्हणून. तुम्ही मांडवात पत्रिका वाचलीत, चष्मा पुसून पुन्हा वाचलीत, आणि मंगलाष्टकांच्या आधीच परतीच्या मोटारीत जाऊन बसलात. आई म्हणाली, धाकटा भाऊ आहे, येईल आपण होऊन. तुम्ही म्हणालात, थोरली बहीण आहे, बोलावील आपण होऊन. माझ्या पाठीमागे मामा म्हणून शेवटी झुलाल शिंपी उभा राहिला, आणि तेव्हापासून गाव त्याला मामाच म्हणते. हे सगळे तुम्हाला माहीत आहे, म्हणून मी ते लिहीत नाही.)

तर माझ्या धाकट्या बहिणीचे, आपल्या झुंबरचे, लग्न ठरले आहे. मुलगा पिंपळनेरचा, नाव वना, वरणगावच्या कारखान्यात नोकरीला. रोज बंदुकीच्या दारूशेजारी बसून डबा खातो, त्यामुळे स्वभावाने शांत आहे. झुंबरला तो पसंत आहे. हे तिने सांगितले नाही, पण ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीला नाक मुरडणारी ही मुलगी सध्या जे पुढ्यात येईल ते खाते, त्यावरून आम्ही ओळखले. मुहूर्त चौदा जून, शुक्रवार. ही तारीख हुकली तर दोघांच्या पत्रिकांना मानवणारा मुहूर्त थेट तुळशीच्या लग्नानंतरच, असे जोशीबुवांनी बोटे मोजून सांगितले. आणि तुळशीच्या लग्नापर्यंत ठरलेले लग्न टिकवणे म्हणजे दूध उघडे ठेवून मांजरीला राखण बसवण्यासारखे आहे, असे आई म्हणते.

अडचण एवढीच झाली की चौदा जून हीच तारीख त्या धोंड्यानेही धरली. मुलाचे वडील कौतिकआबा गेल्या आठवड्यात मानपानाची बोलणी करायला आले ते वर्तमानपत्राचे कात्रण रुमालात बांधूनच. इकारस नावाचा लघुग्रह चौदा तारखेला पृथ्वीजवळून जाणार, असे त्यात होते. लग्न पुढे ढकला, म्हणाले. आबा माणूस भला आहे, पण सहा वर्षांपूर्वी आठ ग्रह एका राशीत येऊन जग बुडणार होते, त्या अष्टग्रहीने धसकलेला आहे. (त्या अष्टग्रहीत तुम्ही घरातले सगळे तूप तीन दिवसांत संपवले होते, मागे ठेवून उपयोग काय म्हणून. आई हे अजून सांगते. आठवण म्हणून नव्हे, उदाहरण म्हणून.)

आता मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. होणाऱ्या व्याह्याला दगडाचे भय पडले असता मी गप्प बसलो तर माझ्या पदवीचा उपयोग काय? शाळेला सुटी, घसा रिकामा. मी म्हटले, आबा, आज संध्याकाळी मारुतीच्या पारावर बसा, सगळे समजावून देतो. माणसाने घरचे काम घरात करावे, पारावर नेऊ नये, हे मला आता कळते.

सुरुवात उत्तम झाली. मी सांगितले की मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये आकाशात एवढी मोठी मोकळी जागा आहे, की ती पाहून विद्वानांना चैन पडेना. इथे एखादा ग्रह असलाच पाहिजे म्हणून कित्येकजण दुर्बिणी रोखून बसले, आणि सापडला तो सिसिली नावाच्या बेटावरच्या एका पाद्रीबुवांना, जे त्याला शोधत नव्हते. ते आपले ताऱ्यांची मोजदाद करत होते. अठराशे एक सालच्या पहिल्या जानेवारीला ही गोष्ट घडली. त्यांनी त्याला सेरेस नाव दिले. ही तिकडची धान्याची देवी. सगळ्यांना आनंद झाला, ग्रहांच्या यादीत तिचे नाव लागले. पण वर्ष उलटते न उलटते तोच त्याच जागेत दुसरा सापडला, मग तिसरा, मग चौथा, आणि सगळेच इतके लहान की ग्रह म्हणायला जीभ कचरावी. पुढे गर्दी वाढली, तेव्हा त्या सगळ्यांना ग्रहांच्या यादीतून काढून एकगठ्ठा लघुग्रह म्हणून लिहू लागले. (नावाने यादीत असलेल्याला समस्त मंडळींत घालण्याचा प्रकार मोठमोठ्या विद्वानांकडूनही होतो, एवढेच यावरून दिसते. बाकी तो विषय मी काढत नाही. सेरेसने मात्र त्यावरून फिरणे सोडले नाही.)

मग नावाचे सांगितले. इंग्रजीत याला ॲस्टेरॉइड म्हणतात. विल्यम हर्शेल नावाच्या साहेबाने अठराशे दोन साली हा शब्द रूढ केला. मूळ ग्रीक, ॲस्टर म्हणजे तारा, आणि पुढचे शेपूट म्हणजे सारखा. ताऱ्यासारखा. कारण दुर्बिणीतून ग्रह पाहिला तर त्याची चकती दिसते, आणि हे इतके बारीक की कितीही डोळे ताणले तरी ठिपकाच, जसा तारा दिसतो तसा. तारा स्वतःच्या अंगच्या उजेडाने जळतो. हा निव्वळ खडक, सूर्याच्या उजेडात चमकणारा. म्हणजे जे तो मुळीच नाही, त्याच्यावरून त्याचे नाव पडले. यावर कौतिकआबा बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग त्यांनी विचारले की तारा नाही, पण ताऱ्यासारखा. ग्रह नाही, पण ग्रहाच्या रांगेत. मग पंगतीत याला बसवायचा कुठे? हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडलेला आहे असे मी प्रामाणिकपणे सांगितले. तेवढे सांगायला नको होते.

पट्टा दाखवायला मी दुकानदार हस्तीमल शेठना मंगळ केले आणि त्यांचे भाऊ शांतीलाल यांना गुरू (अंगाने ते गुरूच आहेत), आणि दोघांच्या मधल्या जागेत पायलीभर भुईमुगाच्या शेंगा पसरल्या. हे हजारो लघुग्रह, म्हटले. बायका पुढे सरकल्या, पुरुषही सरकले. मी सूर्याविषयी बोलत असताना मागे टरफलांचा आवाज येत होता, आणि वळून पाहिले तेव्हा मंगळापासून गुरूपर्यंत आकाश स्वच्छ झाले होते. शांतीलालही चघळत होते. त्यांच्या बाजूने सांगायचे तर आपल्या जवळ आलेले लघुग्रह गुरू ओढून घेतो, हे शास्त्राला धरूनच आहे.

यापुढे हाताची हकिकत येते. फिरणारी वस्तू पडत का नाही, हे दाखवायला मी तांब्याला दोरी बांधली, तांब्या पाण्याने भरला आणि डोक्याभोवती गरगरा फिरवू लागलो. पाण्याचा थेंब सांडला नाही. सगळा पार तांब्याबरोबर माना फिरवू लागला. वीस वर्षांत एखाद्या मास्तराला असा क्षण एकदा मिळतो, आणि मी तो आवरता घेतला नाही. मी फिरवत राहिलो, आणि फिरवता फिरवता सांगत राहिलो की घाबरू नका, जोवर फिरतो आहे तोवर पडत नाही. तेवढ्यात दोरी तुटली. तांब्या मानाच्या खाटेवर बसलेल्या कौतिकआबांची टोपी घेऊन पुढे गेला आणि दोन्ही वस्तू गुरांच्या हौदात पडल्या. आबांना खरचटलेसुद्धा नाही. टोपी वाळवून परत केली. तांब्याला पोचा आला. खांदा माझा गेला, पण त्याची चौकशी अजून कोणी केलेली नाही.

आबा रागावले नाहीत, हे मला जास्त लागले. ते शांतपणे म्हणाले, "मास्तर म्हनस का पडाव नही. मंग हाऊ पडना कसा?" मी म्हटले, दोरी तुटली. त्यांनी विचारले, वरच्याला कोणती दोरी बांधली आहे? मी म्हटले, गुरुत्वाकर्षणाची. ती दिसते का? दिसत नाही. मग तुटली तर कळणार कसे? मामा, मी दहावीला हा धडा आठ वर्षे शिकवतो आहे, पण असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी अंतर सांगितले. तो पृथ्वीपासून चाळीस लाख मैलांवरून जाणार आहे, चंद्राच्या सोळापट लांबून. आबा म्हणाले, पिंपळनेर भडगावपासून लांबच आहे, पण मी आलोच ना.

मग त्यांनी आपला विचार सांगितला. लग्नाआधी ग्रहमख होतो. नवग्रहांना नऊ सुपाऱ्या मांडतात, पूजा करतात, आणि ते तृप्त होऊन आपापल्या घरी राहतात. हे बाकीचे बिचारे मधल्या जागेत जन्मभर फिरतात, त्यांना कोणी विचारत नाही. भाऊबंदातला एखादा आमंत्रणातून राहिला तर तो काय करतो? तो नेमका लग्नाच्या दिवशी येतो आणि मांडवाबाहेरून चकरा मारतो. "त्याले कोनी बलावतस नही, म्हनीसन तो रुसेल शे," आबा म्हणाले. "बठ्ठा ग्रहसले सुपारी, अन् त्यालेच नही?" सगळ्या पाराने मान हलवली. खांदेशात माणूस खगोलशास्त्र विसरेल, पण राहून गेलेले आमंत्रण विसरत नाही. (ही ओळ सर्वसाधारण आहे, तिचा रोख कोणाकडेही नाही.) सुपारी मांडा, नाहीतर तुळशीच्या लग्नानंतर बघू, असा निकाल झाला. मी घरी आलो तर झुंबर जेवली नव्हती. भाकरी झाकून ठेवली होती आणि ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. तेव्हा मी विज्ञान बाजूला ठेवले आणि जोशीबुवांकडे गेलो.

जोशीबुवांनी चौरंगावर लाल फडके पसरून मला प्रत्यक्षच दाखवले. घरे नऊ. दहावे नाही. मी म्हटले, मंगळ आणि गुरू यांच्या मधे ठेवा, त्याची जागा तीच आहे. बुवा म्हणाले, मंगळ दक्षिणेला, गुरू उत्तरेला, आणि त्यांच्या बरोबर मधे कोण आहे ते पहा. मधे सूर्य होता. सूर्याच्या डोक्यावर ठेवू का, असे त्यांनी विचारले. आता गंमत अशी की बाकीचे लघुग्रह मंगळ-गुरूमध्ये राहतात हे खरे, पण हा इकारस फार लांबट वाटेने फिरतो आणि बुधाच्याही आत, अगदी सूर्याला चाटून जातो. म्हणजे बुवा म्हणत होते ती जागा अगदीच चूक नव्हती. मी हे बोललो नाही. त्या आठवड्यात मी पुरेसे बोललो होतो. बुवांनी पुढे विचारले, मंत्र कोणता, गोत्र काय, आणि एकूण किती आहेत. मी म्हटले, क्रमांक लागलेलेच दीडहजाराच्या वर आहेत, न लागलेले किती ते कोणालाच ठाऊक नाही. बुवांनी फडक्याची घडी घातली.

हस्तीमल शेठच्या दुकानी हे कळले तेव्हा त्यांनी लगेच सुपारीचे पोते मागवायची तयारी दाखवली. उरलेल्या सुपाऱ्या परत घेऊ, असेही म्हणाले. पण त्यांच्या घरच्या सूरजबाई पडद्याआडून ऐकत होत्या. त्यांनी आतूनच सांगितले, एवढ्या मोठ्या भाऊबंदाला कोणी घरोघर, माणशी सुपारी देत बसते का? थोरल्या घरी एक सुपारी द्यायची आणि सांगायचे, चूलबंद आमंत्रण आहे, घरात कोणी चूल पेटवू नये, सगळ्यांनी यावे. झाले. मी तिथून तडक बुवांकडे गेलो. थोरली कोण, तर सेरेस. सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत आधी सापडलेली. ती धान्याची देवी, हे आबांना मी पुन्हा सांगितले, तशी त्यांच्या कपाळावरची आठीच गेली. धान्याची आहे तर आपल्या कानबाई देवीच्याच नात्यातली असणार, परकी नव्हे, असे त्यांनी ठरवून टाकले. चौरंगाच्या कडेला मूठभर गहू, त्यावर एक सुपारी, आणि समस्त लघुग्रहांना चूलबंद आमंत्रण, यावर बुवाही कबूल झाले. तारीख कायम राहिली. झुंबर जेवली.

तर असे सगळे सुरळीत आहे. तुमची प्रकृती पाहता लग्नाला यावे असा आग्रह मी करत नाही. उन्हाळा आहे, गुडघा आहे, मोटार खडखडते. सौ. मामींना नमस्कार. पत्र आले तर आनंद आहे, न आले तर नेहमीप्रमाणे.

आपला भाचा,
पंडित

ता. क. एक बारीक गोष्ट राहिली. सगळे ठरल्यावर काल कौतिकआबांनी सहज विचारले, नवरीच्या पाठीमागे मामा म्हणून कोण उभा राहणार? आम्ही झुलाल शिंप्याला पुढे केले. त्याने धोतर आधीच धुवून ठेवले होते. आबांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिले आणि मला विचारले, "मास्तर, हाऊ मामा शे, का मामासारखा शे?" मी माझ्याच व्याख्यानात सापडलो. मग ते म्हणाले, आकाशातल्या धोंड्याला आमंत्रण करता आणि धुळ्याच्या मामाला करत नाही. त्या घरात मी मुलगा कसा देऊ? खरा मामा पाठीशी उभा असेल तर लग्न चौदालाच, नाहीतर तुळशीनंतर. हे त्यांचे शेवटचे. झुंबर परत भिंतीकडे तोंड करून बसली आहे. मामा, तुम्ही या. माझ्या लग्नात पाठीमागे झुलाल होता, आणि मला सारखे मागे वळून पाहावेसे वाटत होते. झुंबरला तसे वाटू नये.

दुसरा ता. क. पत्रिका छापून झाल्या आहेत. 'आपले नम्र'मध्ये तुमचे नाव पहिले आहे. खिळे जुळवताना मी छापखान्यात स्वतः बसलो होतो. जागा पुरेना तेव्हा यादीतून माझे नाव गेले. मी आता समस्त आप्तमंडळींत आहे. तिथे गर्दी आहे, पण बरे आहे.

तिसरा ता. क. पाकिटात हाताला गोल, टणक लागेल ती सुपारी आहे. जोशीबुवांच्या फडक्यावर जिला घर मिळाले नाही ती हीच, दहावी. लघुग्रहांना दुसरी काढली. ही आईने उचलून ठेवली होती. मी पाकीट चिकटवत होतो, तेव्हा तिने ती आणून आत टाकली आणि मला म्हणाली, "त्याले सांग, पाट मांडेल शे." मग धुळ्याची मोटार यायची वेळ झाली म्हणून तांदूळ घेऊन ओट्यावर गेली. तुमची सवय माहीत आहे म्हणून लिहितो, सुपारी खाऊ नका. येताना घेऊन या. आणि शक्यतो तेरालाच पोचा. चाळीस लाख मैल हा हिशोब मी तीनदा तपासला आहे आणि तो बरोबर आहे, पण दोरीचा काही भरवसा नाही.